लेकीकडे न जेवणारा वाढपी

“लेकीच्या दारी बाप वाटसरू असतो, माय, त्यानं सावलीत बसावं, ताटावर बसू नये.”

अभिमन नाना हे धुळ्यात म्हणाले होते, देवपुरातल्या एका भाड्याच्या घराच्या पायरीवर बसून. त्यांच्या लेकीच्या, ज्योत्स्नाच्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. तिचा नवरा हितेंद्र तिथल्या तंत्रनिकेतनात शिकवायला लागला होता. नाना असोद्याहून पहाटे निघाले, जळगावला एस.टी. बदलली, एरंडोल-पारोळा करत भर उन्हात धुळ्याला उतरले. एका पिशवीत वांगी, मिरच्या आणि केळीची फणी. दुसरीत त्यांचा स्वतःचा डबा. ज्योत्स्नाने ताट वाढून ठेवलं होतं. त्यांनी आत येऊन त्या ताटाला नमस्कार केला, बाहेर गेले आणि पायरीवर डबा सोडून बसले. पाणीसुद्धा बाटलीतलं, असोद्याच्या नळाचं.

त्यांच्या घराण्याची ती चाल होती. लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. नातवंड झालं की बंधन सुटतं; मग माणूस बाप म्हणून नाही, आजोबा म्हणून जेवतो. नानांच्या आजोबांनी पाळली, वडिलांनी पाळली, आणि अख्ख्या भावकीत आता ती पाळणारे एकटे नानाच उरले होते. बाकीच्यांनी सोयीनं सोडून दिली होती. शेजारणीला वाटलं, बापलेकीचं भांडण झालं असावं. ज्योत्स्ना हसली होती. तिला त्या दिवशी वाईट वाटलं नाही. वर्षभराचा तर प्रश्न. वर्षभरानं काय काय रांधून घालायचं, तेही तिनं मनात ठरवून टाकलं होतं.

त्याला आता सोळा वर्षं झाली.

हा माणूस कोण होता ते सांगितलं पाहिजे, म्हणजे त्याच्या न जेवण्याचं वजन कळेल. एकतीस वर्षं अभिमन नाना जळगावच्या एका पाइपच्या कारखान्यात होते. तीन पाळ्या, तापलेल्या प्लॅस्टिकचा वास, मशीनमधून सापासारखा निघत राहणारा काळा पाइप. घरची दोन एकर केळी. पण असोद्यात कुणी त्यांना पाइपवाला म्हणून ओळखलं नाही, की केळीवाला म्हणूनही नाही. ते वाढपी होते. लग्न असो, तेरावं असो, वांग्याच्या भरताची शेतातली पंगत असो, बादली आणि पळी नानांच्या हातात. याचे पैसे मिळत नसतात. गावातली चार माणसं कमरेला उपरणं गुंडाळून उभी राहतात, त्यांतला पहिला मान नानांचा.

“वाढणं म्हणजे ओतणं नाही,” ते नव्या पोरांना सांगत. “माणूस नको म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे नको बघू. तोंड खोटं बोलतं. तो कुठं बघतो ते बघ. ताटाकडे बघत नको म्हणाला तर वाढ. तुझ्याकडे बघत म्हणाला तर पुढं हो.”

पाचशे पानांच्या पंगतीत कोण लाजून अर्धपोटी उठतोय, कुठल्या म्हातारीला दात नाहीत म्हणून ती नुसत्या वरणावर भागवतेय, कुठला व्याही रुसून पुरीला हात लावत नाहीये, हे नानांना ओळीच्या या टोकाकडून दिसायचं. एकदा तोताराम नावाच्या त्यांच्या चुलतभावाशी बांधावरून बोलणं बंद होतं. पंगतीत तोताराम बसला. नाना न बोलता त्याच्यासमोर भरताची बादली घेऊन उभे राहिले आणि हलेचनात. मागची ओळ ओरडायला लागली. शेवटी तोतारामच म्हणाला, “आता वाढ ना बाबा, का दगडाचा झाला?” बांध तसाच राहिला, बोलणं सुरू झालं.

ते स्वतः कधी पंगतीत बसले नाहीत. सगळे उठले, की भांड्याच्या तळाला जे असेल ते घेऊन चुलाण्याच्या धगीशी बसायचे. घरीही तेच. ज्योत्स्नाची आई, बेबाबाई, धुळ्याकडची. तिच्या बोलण्यात प्रत्येक वाक्यात ‘आहे’च्या जागी ‘शे’. असोद्याच्या बायकांनी तिला त्यावरून इतकं चिडवलं, की तिनं बाहेर बोलणंच कमी केलं. फक्त घरात, नवऱ्याला वाढताना ते परत यायचं. “माले माहीत शे, तुमनं पोट भरनं नई,” ती म्हणायची आणि नानांच्या ताटात भाकरी टाकायची. जगभर आग्रह करत फिरणाऱ्या या माणसाला आग्रह करणारं एकच माणूस होतं. ते सात वर्षांपूर्वी गेलं.

तोवर गावात बुफे आला होता. मंडपात टेबलं, टेबलांमागं पांढऱ्या टोप्या घातलेली जळगावची पोरं, हातात ताट घेऊन रांगेत उभा असलेला नवरदेवाचा मामा. नानांना सगळीकडून पत्रिका यायच्या, पण बादली कुणी देत नव्हतं. ते अक्षता टाकून घरी यायचे. “उभ्यानं खातात,” म्हणायचे. “बैलसुद्धा रवंथ करायला बसतो.”

ज्योत्स्नाला दोनदा दिवस गेले, दोनदा राहिले नाहीत. पहिल्या वेळी, धुळ्यात, चौथा महिना लागल्यावर नानांनी सगळ्या गावाला सांगून टाकलं होतं, की आता धुळ्याला जेवायला जायचंय. मग त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. ते आले, पायरीवर बसले. त्या दिवशी डबासुद्धा आणला नव्हता. संध्याकाळपर्यंत तसेच बसून शेवटच्या गाडीनं परत गेले. दुसऱ्या वेळी ती जपानात होती, हमामात्सू नावाच्या शहरात. हितेंद्रला तिथल्या पंप बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली होती. फोनवर सांगावं लागलं. पलीकडे बराच वेळ नुसती केळीच्या पानांची सळसळ ऐकू आली. नाना शेतात असावेत.

या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान किंचित झुकवून, मुलासाठीचे उपचार आता थांबवू या असं सांगितलं. ज्योत्स्ना एकेचाळीस वर्षांची होती. तिनं मान हलवली, बाहेर आली, फुलांच्या दुकानात तिची अर्ध्या दिवसाची नोकरी होती तिथे गेली आणि संध्याकाळपर्यंत देठ कापत राहिली. हितेंद्रला घरी आल्यावर सांगितलं. नानांना सांगितलं नाही.

सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुमचं बंधन आता कधीच सुटणार नाही, असं? तिला मुलाचं दुःख होतंच, ते तिचं तिला ठाऊक होतं. पण त्या दुःखाच्या आत हे दुसरं, लाज वाटावी इतकं लहान दुःख होतं, की आता बाप आपल्या दारी, आपल्या हातचं न जेवता मरणार. मोठ्या दुःखावर माणसं बोलतात, चहा करून देतात. या लहान दुःखाला कुणी वाली नव्हता. रात्री भांडी घासताना ते वर यायचं.

हितेंद्रनं तिकीट पाठवलं आणि ऑक्टोबरात नाना आले. बहात्तर वर्षांचे, डोक्यावर टोपी, पायात मुलीच्या हट्टानं घेतलेले बूट. विमानतळावर त्यांनी तिला आधी नीट बघितलं, मग पिशवी पुढे केली. “ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ व्हये. आणि मुरमुऱ्याचे लाडू. हे माझं. तुझ्यासाठी मिरच्या आणल्या होत्या, त्या त्या साहेबानं काढून घेतल्या.”

वीस दिवस राहणार होते. पहिल्याच संध्याकाळी हितेंद्रनं विषय काढला.

“नाना, आता हे पुरे करा. माणूस चंद्रावर जाऊन आला.”

“गेला ना, जावईबापू. पण तिथं त्याची लेक दिली नव्हती.”

हितेंद्र हसला, ज्योत्स्नाही हसली. नाना त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात झोपत, अंघोळ करत, खिडकीतून समोरच्या बागेतली म्हातारी माणसं व्यायाम करताना बघत. पण प्यायला घरातलं पाणी नाही. सकाळी उठून बागेतल्या नळावर बाटली भरून आणत. चहाचं काय, या काळजीत ज्योत्स्ना होती, तर तिसऱ्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या यंत्रातून चहाची गरम बाटली घेऊन आले. नाणं टाकायचं, बटण दाबायचं.

“हे बरं आहे,” ते खूश होऊन म्हणाले. “यंत्राला ना माहेर, ना सासर.”

जेवणाचा प्रश्न ओगावांनी सोडवला. इमारतीच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या दुकानाशेजारी, ओगावांचं छोटं इटालियन जेवणाचं दुकान होतं. समोर आठ स्टुलं, मागं दोन टेबलं, भिंतीवर हातानं लिहिलेली पाटी. ओगावा अडुसष्ट वर्षांचे, सडपातळ, टक्कल पडलेले. तरुणपणी दोन वर्षं इटलीत भांडी घासत स्वयंपाक शिकले आणि परत येऊन त्यांनी हे काढलं. मोहल्ल्यातली तीच ती माणसं यायची. एक निवृत्त पोस्टमन, दोघी बहिणी, एक कुत्रा बाहेर बांधून ठेवणारा शिक्षक. विकतचं अन्न, परक्या माणसाच्या हातचं, आणि पैसे नाना स्वतः देणार. चालीत ते बसत होतं. तेव्हा रोज संध्याकाळी सात वाजता बापलेक जिना उतरून जेवायला जात. वर ज्योत्स्नाचा ओटा पुसलेला, भांडी पालथी. तीन मजले उतरताना तिला दर पायरीला वाटे, की आपण आपल्याच घरातून बापाला हाताला धरून बाहेर काढतोय.

पहिल्या दिवशी नानांपुढे टोमॅटो-लसणातल्या शेवया आल्या. त्यांनी वास घेतला.

“शेवयांना लसूण? यांच्याकडे सणाला काय करतात मग?”

“सणाला वेगळं करतात, नाना. खाऊन तर बघा.”

त्यांनी खाल्लं. काटा बाजूला ठेवून बोटांनी. ओगावांनी ते पाहिलं आणि ओला गरम नॅपकिन आणखी एक आणून ठेवला. नानांनी तो उलटसुलट करून बघितला. “हा माणूस जाणकार आहे,” ते म्हणाले. “याला विचार, मिरची आहे का?”

मिरची होती, तेलात मुरवलेली. दुसऱ्या दिवसापासून ती न मागता यायला लागली. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, हे ओगावांनी एका कागदावर लिहून चुलीमागच्या भिंतीवर चिकटवलं. कधी भाजलेली ढोबळी मिरची, कधी पांढऱ्या घेवड्याचं कालवण, कधी नुसता भाजलेला पाव आणि वर लसूण चोळलेला. नाना सगळं खात. पण त्यांना एक गोष्ट सहन होत नव्हती. ओगावा एकदाच विचारत. माणूस नको म्हणाला, की ते मान झुकवून निघून जात.

“असं कसं?” सहाव्या दिवशी नाना म्हणाले. “तो पोस्टमन बघ. त्याला पाव पाहिजे. ताटाकडे बघत नको म्हणाला तो. आणि हा गेला निघून!”

“इथं असंच असतं, नाना. एकदा विचारतात. पुन्हा विचारलं तर माणसाला अवघड होतं.”

“अवघड झाल्याशिवाय पोट भरतं का कुणाचं?”

आणि ती काही म्हणायच्या आत नाना उठले, फडताळावरची पावाची टोपली उचलली आणि पोस्टमनसमोर जाऊन उभे राहिले. पोस्टमन घाबरला. त्यानं हात हलवले, मान हलवली, ज्योत्स्नाकडे बघितलं. नाना हलले नाहीत. दुकानात रेडिओचा आवाज तेवढा राहिला. मग पोस्टमननं एक तुकडा घेतला. नाना तसेच. त्यानं दुसरा घेतला, आणि सगळ्यांसमोर, टोमॅटोच्या रशात बुडवून, डोळे मिटून खाल्ला. दोघी बहिणी तोंडावर हात ठेवून हसल्या.

ओगावा ओट्यामागून बघत होते. त्यांनी ज्योत्स्नाला विचारलं, वडील काय काम करायचे? वाढपी या शब्दाला तिला जपानी शब्द सापडेना. ती म्हणाली, गावच्या मोठ्या जेवणावळीत ते लोकांना वाढायचे. कुणी उपाशी उठू नये हे बघायचं, एवढंच काम. ओगावांनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि नानांना वाकून नमस्कार केला. नानांनीही टोपी सावरून हात जोडले.

“कंबर दुखते का विचार त्याला,” नाना म्हणाले. “वाकून वाकून जाते ती साठीनंतर.”

तिनं विचारलं. ओगावांनी कमरेला हात लावून तोंड वेडंवाकडं केलं. तेवढ्यावर दोघांची दोस्ती झाली.

त्या दिवसापासून ज्योत्स्ना बापाकडे दुसऱ्याच नजरेनं बघायला लागली. पोस्टमनच्या पोटातली पावाच्या तुकड्याएवढी भूक ज्याला लांबून दिसते, त्याला समोर बसलेल्या लेकीची दिसत नाही? की दिसते, आणि तो तिला टाळूनच पुढं होतो? ती रोज काहीतरी निमित्त काढून बघायची. आज खाली गर्दी असेल नाना, मी थोडा भात टाकू? आज पाऊस आहे नाना. नाना म्हणायचे, “छत्री आहे ना.” एकदाच विचारायची आणि थांबायची. असोद्यात वाढलेली असून तिलाही या शहराची सवय लागली होती. किंवा दुसऱ्यांदा विचारलं तर आवाज फुटेल, अशी भीती होती.

सोळाव्या दिवशी नाना बागेत बसले असताना ती एकटीच खाली गेली. ओगावा घेवडा निवडत होते. त्यांनीच विचारलं, “वडील वर, तुमच्या घरी, काही खात नाहीत ना?” त्यांना कसं कळलं, तिनं विचारलं नाही. तिनं सांगितलं. न झालेल्या मुलांचंही सांगितलं, कारण त्याशिवाय ते सांगताच येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. मराठीत जे तिला सहा महिने कुणाजवळ बोलता आलं नव्हतं, ते परक्या भाषेत चार वाक्यांत संपलं. ओगावांनी सल्ला दिला नाही, वाईट वाटलं असंही म्हणाले नाहीत. घेवडा निवडत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “शनिवारी तीन ते पाच माझी चूल रिकामी असते.”

शनिवार म्हणजे नाना निघण्याचा आदला दिवस. रविवारी नानांचं विमान.

ती वांगी शोधत फिरली. तिथली वांगी बोटभर, काळीजांभळी. असोद्याच्या मोठ्या हिरव्या, पांढुरक्या रेघांच्या, बियांचं नाव नसलेल्या वांग्याची सर त्यांना कुठली! शेवटी एका भाजीवालीकडे जरा मोठी, हिरव्या देठाची गोल वांगी मिळाली. कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ नव्हता, भरीत कुटायची लाकडी बडगी नव्हती. ओगावांची जाळीची शेगडी होती, आणि तुळशीसारखी पानं कुटायचा त्यांचा संगमरवरी खल. तिनं वांग्यांना चिरा देऊन आत लसणाच्या पाकळ्या आणि मिरच्या खोचल्या. आई तशाच भाजायची. मिरची वेगळी भाजली तर ती वांग्याशी बोलत नाही म्हणायची. सालं करपली, फुटली, आतून रस गळून शेगडीवर चरचरला. त्या धुरानं ज्योत्स्नाचे डोळे भरून आले आणि तिनं ते भरू दिले, कारण धूर होता. ओगावा बाजूला उभे राहून दाणे तळत होते. तिनं सालं ओल्या बोटांनी काढली, गर कुटला, कांद्याची पात, दाणे, कोथिंबीर, वर कडकडीत तेल. चव घेतली नाही. नैवेद्याची घेत नाहीत, तशी.

सात वाजता नाना आणि ती येऊन बसले. हितेंद्र कामावर होता. नानांनी नवा सदरा घातला होता, शेवटचा दिवस म्हणून. पोस्टमननं उठून त्यांना हात केला. ओगावांनी समोर दोन ताटल्या ठेवल्या, मध्ये भाजलेला पाव आणि खोलगट वाडग्यात भरीत; नानांच्या ताटलीत पळीभर त्यांनीच वाढलं.

“हे काय?”

“वांगं आहे, नाना. इथलं.”

यात खोटं काही नव्हतं. नानांनी पाव मोडला, भरतात बुडवला, घास घेतला. आणि चावायचे थांबले.

ज्योत्स्ना टेबलाच्या कडेकडे बघत होती. तिला ऐकू आलं, की ते पुन्हा चावायला लागले आहेत. हळूहळू, जसं अंधारात पायरी चाचपत उतरावं तसं. दुसरा घास. तिसरा.

“कुणी केलं?” नानांनी विचारलं.

“ओगावांनी.”

नानांनी आणखी एक घास घेतला. मग ओट्यामागच्या ओगावांकडे बघत म्हणाले, “त्याले सांग, चांगलं झालं. मीठ बोटभर कमी आहे. आमच्या घरीपण कमीच असायचं, घरवालीच्या हाताला मीठ कमी होतं.” थोडं थांबून म्हणाले, “या माणसाला मिरच्या आत खोचायचं कुणी शिकवलं, ते विचार.”

तिनं तोंड उघडलं. ओगावांना विचारल्यासारखं करून परत काहीतरी सांगता आलं असतं. इटलीत तसंच करतात म्हणाली असती, तर नानांनी ऐकून घेतलं असतं, उद्या विमानात बसले असते, आणि तिच्या हातचं जेवून गेले असते. तिला हवं ते तिला मिळालं असतं. पण ते ‘चांगलं झालं’ कुणाला मिळालं असतं? ओगावांना.

“मी केलं,” ती म्हणाली. “नाना, ते मी केलंय. तिसऱ्या मजल्यावर नाही, इथं, यांच्या चुलीवर. पण हात माझा आहे.”

नानांचा हात ताटलीजवळ थांबला.

“आणि आता काही होणार नाही, नाना.” ती बोलत गेली, सावकाश, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगतेय. “उन्हाळ्यातच सांगितलं त्यांनी. मी तुम्हाला बोलले नाही. तुम्ही वाट बघत राहाल, म्हणून बोलले नाही. वाट बघण्यासारखं काही राहिलं नाही. आता तुम्ही माझ्याकडे जेवायचं नाही म्हणालात, तर ते कायमचं. आणि जेवा म्हणायला माझ्याकडे दुसरं कारण नाही. मी आहे, एवढंच आहे.”

शेजारच्या टेबलावर बहिणी काहीतरी बोलत होत्या, त्या थांबल्या. भाषा कळली नाही तरी थांबल्या. ओगावांनी नळ बंद केला.

नाना वाडग्याकडे बघत होते. टोपीखाली त्यांच्या कपाळाची शीर उठून दिसत होती. ज्योत्स्नाला वाटलं, आता ते हात मागे घेतील. मग वाटलं, आता काहीतरी म्हणतील. काहीही, रागावले तरी चालेल, मीठ कमी म्हणाले तरी चालेल, मघाशी ओगावांना म्हणाले तसं चांगलं झालं म्हणाले तर तिला आयुष्यभर पुरेल. तिनं सोळा वर्षं त्या दोन शब्दांची जागा मोकळी ठेवली होती.

त्यांनी पावाचा तुकडा उचलला. ताटलीत होतं तेवढं पुसून खाल्लं. ज्योत्स्नाला ठाऊक होतं, की हा माणूस पानात टाकत नाही. टाकलेलं अन्न बघून यानं भल्याभल्यांना पंगतीत झापलेलं आहे. तेव्हा याचा काही अर्थ काढू नये, असं तिनं स्वतःला बजावलं.

मग नानांनी वाडगा स्वतःकडे ओढला. ज्यानं जन्मभर स्वतःच्या हातानं स्वतःच्या पानात पहिलं वाढून घेतलं नाही, जो तळाला उरलेलं खात आला, त्यानं पळी धरली आणि भरीत वाढून घेतलं. थोडं नाही, चांगलं भरून. आणि मान खाली घालून, बोटांनी, घाई न करता ते जेवले. मध्ये एकदा ठसका लागला. तिनं टेबलावरच्या जगमधलं पाणी पुढे केलं. त्यांनी पेला घेतला, प्यायले, पुन्हा जेवायला लागले. त्यांच्या दाढीच्या खुंटांवर तेलाचा एक थेंब आला होता, तो त्यांनी पुसला नाही. तिला तो पुसावासा वाटला. तिनं हात मांडीवर तसेच ठेवले.

वाडगा संपला. नानांनी ओल्या नॅपकिननं एकेक बोट पुसलं, नॅपकिन नीट घडी करून ताटलीशेजारी ठेवला. एकदा त्यांचे ओठ हलले, आणि ज्योत्स्ना पुढे वाकली. पण तो शब्द नव्हता, नुसता श्वास होता.

मग दोन्ही हात टेबलावर टेकवून ते उठले. सदरा खाली ओढला. तिच्याकडे बघितलं, ओगावांकडे बघितलं, दार ढकललं आणि रोजच्यासारखे पैसे न ठेवता बाहेर निघून गेले.